‘पुरे’ म्हणणारा रेणू

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीस रामबागेतील एका जुन्या वाड्यातल्या काकू आल्या. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांचीच तशी इच्छा आहे. बैठकीचा विषय त्या दिवशी निराळाच होता, पण तो बाजूला राहिला. काकूंचा नातू नऊ वर्षांचा. त्याला डुशेन नावाचा स्नायुक्षयाचा आजार आहे. आजार जनुकातील दोषाचा, जन्मापासूनचा. अशी मुले चार-पाच वर्षांची झाली की जिना चढताना अडखळू लागतात, आणि बारा-तेराव्या वर्षाच्या सुमारास घरात चाकाची खुर्ची येते. एका मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयाने काकूंच्या मुलास सांगितले होते की मूळपेशींची, म्हणजे स्टेम सेल्सची, इंजेक्शने चार वेळा दिली की मुलगा सुधारेल. खर्च एवढा की वाड्यातला हिस्सा काढावा लागणार. काकू म्हणाल्या, “तुम्ही मंडळी एवढे वाचता. मला इतकेच सांगा, हे खरे की खोटे?”

आम्ही कोण? रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, दोन शिक्षिका, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि एक वकील. डॉक्टर एकही नाही. त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही, आणि त्याची रुखरुख लागून राहिली. पुढचे दोन-अडीच महिने आम्ही दुसरे फारसे काही वाचले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाचे टिपण होय. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही एका वेगळ्याच प्रश्नापाशी येऊन थांबलो. तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

प्रत्येक माणसाची सुरुवात एका पेशीपासून होते, हे शाळेत शिकवले जाते. शाळेत सहसा न शिकवली जाणारी गोष्ट अशी की त्या एका पेशीतील सारा मजकूर पुढे शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जसाच्या तसा उतरतो. डोळ्याच्या पेशीत यकृताचा मजकूर असतो, यकृताच्या पेशीत हृदयाचा. जुन्या संस्थानी कारभाराची ज्यांना आठवण आहे त्यांना हे लवकर उमगेल. समजा, प्रत्येक कचेरीत संपूर्ण दप्तर ठेवलेले आहे. पण प्रत्येक कचेरी आपापल्या कामाचेच रुमाल सोडते आणि बाकीचे बांधलेले ठेवते. कोणते रुमाल सोडायचे यावर ती पेशी कोण होणार हे ठरते. या ‘कोण होणार’ला इंग्रजी जीवशास्त्रात शब्द आहे ‘फेट’. म्हणजे आपली नियती. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसांनी आपल्या कोरड्या परिभाषेत हा शब्द का घेतला असेल, याचे आम्हांस फार कुतूहल वाटले. १९५७ साली वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याचे एक चित्र काढले. डोंगरमाथ्यावर एक चेंडू आहे, खाली अनेक दऱ्या फुटल्या आहेत. चेंडू घरंगळू लागला की प्रत्येक फाट्यावर एक दरी धरतो, आणि एकदा धरली की शेजारच्या दरीत जाणे उत्तरोत्तर अवघड होत जाते. माथ्यावरचा चेंडू म्हणजे मूळपेशी, तळाशी पोहोचलेला म्हणजे स्नायूची, मज्जेची वा त्वचेची पेशी.

आता ज्या रेणूविषयी हा लेख आहे, त्याकडे वळू. त्याची गोष्ट एका किड्यापासून सुरू होते. ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’ असे भारदस्त नाव असलेला हा किडा जेमतेम एक मिलिमीटर लांब, मातीत राहणारा, पारदर्शक. पूर्ण वाढलेल्या उभयलिंगी किड्याच्या शरीरात बरोबर ९५९ कायिक पेशी असतात. प्रत्येक पेशी कोणापासून झाली, तिची वंशावळ मांडलेली आहे. (आमच्यापैकी कित्येकांना आपल्या पणजोबांच्या पलीकडची नावे सांगता येत नाहीत.) अंड्यातून निघाल्यावर हा किडा बाल्याच्या चार अवस्थांतून जातो आणि मग प्रौढ होतो. काही सदोष किडे मात्र पुढे सरकतच नाहीत. पहिल्या अवस्थेत पेशींनी जे करायचे तेच त्या पुन्हा पुन्हा करीत राहतात. शरीर मोठे होते, पण प्रौढपण येत नाही. अंडी बाहेर पडण्याचा मार्गच तयार होत नाही आणि ती पोटात साठत जातात. या दोषास ‘लिन-४’ असे नाव होते. दुसऱ्या काही किड्यांत याच्या उलट प्रकार दिसे. त्यांच्यात ‘लिन-१४’ हे जनुक निकामी झालेले असे, आणि ते बाल्याची पायरी गाळून अकाली पुढे जात.

व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रुव्कुन या दोघा अमेरिकन संशोधकांनी हे कोडे सोडवले. लिन-४ हे जनुक आहे खरे, पण त्यापासून कोणतेही प्रथिन बनत नाही. बनतो तो आरएनएचा एक तुकडा, अवघ्या बावीस अक्षरांचा. आणि ही अक्षरे लिन-१४ च्या संदेशाच्या शेपटीतील अक्षरांशी जुळतात. दप्तराचा दृष्टान्त पुढे न्यायचा तर रुमालातून निघालेली नक्कल कारकुनाच्या हाती पडण्याआधी वाटेतच तिला बिलगणारा आणि ‘आता पुरे’ म्हणणारा हा एक चिमुकला शिपाई आहे. लिन-१४ म्हणजे बाल्याचा हुकूम. तो मुळीच नसेल तर बाल्य घडत नाही, आणि तो वेळेवर थांबला नाही तर बाल्य संपत नाही. दोघांचे निबंध डिसेंबर १९९३ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. जगाने फारशी दखल घेतली नाही. किड्याचे काहीतरी विचित्र आहे असे समजून लोक पुढे गेले. सात वर्षांनी, २००० साली, रुव्कुन यांच्या प्रयोगशाळेने ‘लेट-७’ हा दुसरा तसाच रेणू जाहीर केला, आणि तो माशीत, माशात, माणसातही जसाच्या तसा सापडला. मग मात्र धांदल उडाली. आज माणसात असे हजाराहून अधिक सूक्ष्म आरएनए, अर्थात मायक्रोआरएनए, ठाऊक आहेत. २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांस मिळाले. किड्याचे बाल्य का संपत नाही हे विचारणाऱ्या या माणसांपैकी कोणीही औषध शोधीत नव्हते, हे आमच्या काळाच्या उपयुक्ततावादी कानात सांगून ठेवण्यासारखे आहे.

यापुढचा प्रयोग आमच्या मनात फार दिवस घोळत राहिला. उंदराच्या भ्रूणातील मूळपेशींमधून हे सूक्ष्म आरएनए घडवणारी यंत्रणाच काढून टाकली, तर काय होते? पेशी मरत नाहीत. विभाजन मंदावते, पण चालू राहते. मात्र त्यांना काही व्हायला सांगितले की त्यांना ते होता येत नाही. मूळपेशीपणाचे हुकूम बंद करणारे कोणी उरलेले नसल्यामुळे त्या मूळपेशीच राहतात. सर्व काही होण्याची क्षमता शाबूत, आणि काहीही होणे अशक्य. उलटपक्षी निरोगी पेशीत काय चालते पाहावे. मूळपेशीत लिन-२८ नावाचे प्रथिन लेट-७ ला पक्व होऊ देत नाही. पेशी परिपक्व होऊ लागली की लेट-७ वाढतो आणि मागचे दार लावून घेतो. मिर-१४५ नावाचा दुसरा एक रेणू मूळपेशीपण टिकवणाऱ्या जनुकांनाच गप्प करतो. फुप्फुसाच्या कित्येक कर्करोगांत लेट-७ घटलेला आढळतो. कर्करोगाची पेशीही एका अर्थाने आपले होणे विसरलेली पेशीच असते.

सर्व शक्यता खुल्या असणे ही श्रेष्ठ अवस्था, असे आज आपण धरून चालतो. मुलांना आपण सांगतो की सगळे पर्याय उघडे ठेवा. चाळिशीच्या माणसास सांगतो की अजून काहीही होता येईल. आणि जे ठरले, बंद झाले, संपले, त्याला आपण हानी म्हणतो. पेशीचे वर्तन पाहता निदान एवढे कळते की ‘होणे’ आणि ‘नाकारणे’ या दोन वेगळ्या क्रिया नाहीत. स्नायू होणे म्हणजे मज्जा होण्यास नकार देणे. नकार काढून घ्या, मागे स्वातंत्र्य उरत नाही. एक न संपणारे बाल्य उरते. पण येथे आम्ही स्वतःसच बजावले की सावध राहावे. निसर्गात अमुक घडते म्हणून माणसाने तमुक करावे, हे अनुमान लंगडे आहे. मुंगीवरून उद्योग आणि मधमाशीवरून राजनिष्ठा शिकवणाऱ्या जुन्या क्रमिक पुस्तकांचीच ही वाट. पेशीवरून आम्हांस नीती काढायची नाही. ‘नियती’ या शब्दावर जी धूळ बसली आहे ती थोडी झटकायची आहे.

त्या धुळीचा एक प्रकार आमच्याच बैठकीत दिसला. आमचे वकील मित्र उत्साहाने म्हणाले की हे तर आपले संचित आणि प्रारब्ध! जनुकांचा साठा ते संचित, त्यातले फळास आले ते प्रारब्ध, आणि सूक्ष्म आरएनए ते ठरवतो. तुलना ऐकायला गोड आहे. २०१९ साली जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये कौरवांचा जन्म मूळपेशींच्या तंत्राने झाल्याचे एका कुलगुरूंनी सांगितले होते. त्या मानाने आमच्या मित्राचे विधान फारच सौम्य. तरीही आम्ही ते स्वीकारले नाही, आणि त्याचे कारण काकूंच्या घरातच होते. प्रारब्ध या शब्दाबरोबर हिशेब येतो: कोणीतरी काहीतरी केले म्हणून हे भोगणे आले. डुशेनचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, तो आईकडून मुलाकडे येऊ शकतो. त्या घरातील सुनेने गेली चार वर्षे काय ऐकले असेल याची कल्पना जुन्या घरांत वाढलेल्या वाचकांस करून द्यायला नको. वस्तुतः सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा दोष आईतही नसतो, तो नव्यानेच उद्भवलेला असतो. आणि तो आईकडून आला तरी त्यात तिचे कर्तृत्व ते काय? पेशीच्या नियतीत ‘कारण’ आहे, ‘अपराध’ नाही. आपल्या भाषेत हे दोन शब्द इतके चिकटून बसले आहेत की एक उच्चारताना दुसरा आपोआप येतो. काकूंना हे आम्ही सांगितले तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. त्या महिन्यांत आमच्या हातून घडलेले सर्वांत उपयोगी काम बहुधा तेच असावे.

असो. चेंडू दरीच्या तळाशी गेला की परत येत नाही, हे वॉडिंग्टनचे चित्र पुढे खोटे ठरले. १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या आतड्याच्या पेशीतील केंद्रक अंड्यात घालून त्यापासून पोहणारे बेडूकमासे मिळवले. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशीत चार जनुके घालून तिला पुन्हा मूळपेशी केले, पुढच्या वर्षी माणसाच्या पेशीतही ते साधले. २०१२ चे नोबेल दोघांस मिळाले. २०११ मध्ये तर अमेरिकेतील संशोधकांनी केवळ सूक्ष्म आरएनएचा एक जुडगा वापरून असाच परतीचा प्रवास घडवला, आणि दुसऱ्या एका गटाने मिर-९ व मिर-१२४ यांच्या साहाय्याने त्वचेच्या पेशीस माथ्यावर न नेता थेट शेजारच्या दरीत, मज्जापेशीच्या दरीत, उतरवले. नियती म्हणजे कुलूप आहे, भिंत नाही, असे यातून दिसते. मग ते उघडायचे कोणी, कधी, आणि उघडल्यावर पुन्हा लावायचे कोणी?

हृदयाचे उदाहरण घेऊ. माणसाच्या हृदयातील स्नायुपेशी फार थोड्या नव्याने बनतात: पंचविसाव्या वर्षी वर्षाला सुमारे एक टक्का, पंचाहत्तराव्या वर्षी त्याच्या निम्म्याहून कमी. (हे मोजले कसे? अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे हवेत पसरलेला किरणोत्सारी कार्बन पेशींत किती उतरला, त्यावरून. मनुष्यजातीच्या एका दुष्कृत्याचा हा अनपेक्षित उपयोग.) म्हणून हृदयविकाराचा झटका आला की मेलेल्या भागाच्या जागी निव्वळ वण राहतो. इटलीतील त्रिएस्ते येथील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की मिर-१९९ए हा रेणू उंदराच्या थांबलेल्या हृदयपेशींना पुन्हा विभाजनास लावतो. २०१९ मध्ये हाच उपाय डुकरांवर झाला, कारण डुकराचे हृदय आपल्या हृदयाच्या जवळचे. झटका दिलेल्या हृदयात एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवरून हा रेणू पोहोचवला. महिन्याने पाहिले तर वण आक्रसला होता, स्नायू वाढला होता, हृदयाचे आकुंचन सुधारले होते.

वाचकांनी क्षणभर येथे थांबावे. अहवाल महिनाअखेरीस लिहिला असता तर तो विजयाचा अहवाल झाला असता, आणि त्यातील एकही वाक्य खोटे नसते.

पण संशोधक थांबले नाहीत. पाहत राहिले. पुढच्या आठवड्यांत उपचार केलेली बहुतेक डुकरे एकाएकी हृदयाची लय बिघडून मेली. विषाणूवाटे दिलेला रेणू काम करीतच राहिला होता. नव्या पेशी अर्धवट अवस्थेतच वाढत गेल्या होत्या. हृदय दुरुस्त करणारी गोष्ट आणि हृदय बंद पाडणारी गोष्ट एकच होती, फरक एवढाच की तिला ‘पुरे’ म्हणणारे कोणी नव्हते. किड्याच्या पोटात साठलेली अंडी आम्हांस पुन्हा आठवली. संशोधकांनी हे सारे लपवले नाही, छापले. अनियंत्रित दुरुस्ती असा शब्द निबंधाच्या शीर्षकातच घातला. त्याआधी, २०१६ मध्ये, कर्करोगावर मिर-३४ ची नक्कल देणारी माणसांवरील एक चाचणीही प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रिया आणि काही रुग्णांचे मृत्यू यांमुळे बंद करावी लागली होती.

आता काकूंचा युक्तिवाद. आम्ही डुकरांची हकीकत सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “तुमचे शास्त्र वाट पाहू शकते. माझ्या नातवाला वाट पाहायला वेळ नाही. वीस वर्षांनी सिद्ध झाले तर ते कोणाच्या नातवासाठी?” याला उत्तर नाही असे निदान आमच्यापैकी दोघांचे आजही मत आहे. धीर धरा असे सांगणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याचे काही जात नसते. ज्याच्यापाशी पाच वर्षे आहेत त्याने धोका पत्करू नये, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? आपल्या शरीरावर, आपल्या पोराच्या शरीरावर, शेवटचा प्रयत्न करून पाहणे ही मूर्खपणाची गोष्ट नव्हे.

आमची वाट निराळ्या ठिकाणी फुटली. धोका पत्करणे आणि धोका विकत घेणे यांत अंतर आहे. रीतसर चाचणीत रुग्ण धोका पत्करतो, तेव्हा त्याचे काय झाले हे कोणीतरी लिहून ठेवते, वर्षाने पुन्हा पाहते, आणि वाईट झाले तर ते जगास सांगणे भाग असते. डुकरांच्या बाबतीत जे झाले ते हेच. त्यांच्या मृत्यूतून पुढच्या कोणाला तरी काही कळले. पैसे घेऊन दिलेल्या असिद्ध उपचारात मुलाचे काय झाले हे त्याच्या घराबाहेर कोणासच कळत नाही. सुधारला तर जाहिरात, न सुधारला तर त्याचे प्रारब्ध. म्हणजे काकूंच्या नातवाच्या वाट्यास आलेली घाई खरी, पण तिथे त्या घाईचा लाभ पुढच्या नातवासही होणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत स्पष्ट आहेत: रक्ताच्या विकारांसाठीचे मान्यताप्राप्त मूळपेशी-रोपण सोडले तर बाकी वापर मंजूर चाचणीतच व्हावा. आणि मंजूर चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्या प्रयोगाचे पैसे घ्यायचे नसतात. मूळपेशींची चिकित्सा सगळीच थोतांड आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. अस्थिमज्जेचे रोपण अनेक दशके जीव वाचवीत आले आहे, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी वाढवून, रसायनाने भाजलेल्या डोळ्यांवर त्यांचे रोपण केले जात आहे, आणि कित्येकांना त्यातून दृष्टी लाभली आहे. पण डोळ्याच्या कडेची पेशी डोळ्यालाच देणे वेगळे आणि मज्जेतून काढलेली पेशी दंडात टोचून तिने आपले कर्तव्य ओळखावे अशी आशा करणे वेगळे.

स्नायूंच्या बाबतीत एक गोष्ट आणखी वाचनात आली, ती आम्ही काकूंना सांगितली नाही. स्नायूच्या कडेला त्याच्या स्वतःच्या मूळपेशी असतात, १९६१ साली सापडलेल्या. त्यांना उपग्रह पेशी म्हणतात. त्या बहुतांश काळ निजलेल्या असतात, इजा झाली की उठतात, दुरुस्ती करतात. त्यांचे निजणे आपोआप घडत नाही. मिर-४८९ हा रेणू त्यांना निजवून ठेवतो, आणि तो काढला की त्या विनाकारण जाग्या होतात. डुशेनच्या मुलाच्या शरीरात स्नायू रोज फाटतो आणि या पेशींना रोज उठावे लागते. दुरुस्ती करता करता त्या थकत जातात. त्या मुलाच्या शरीरात दुरुस्ती होत नाही असे नाही. ती अखंड चालू असते, तिला विसावा मिळत नाही. आजीस हे सांगून काय साधले असते? सत्य ठाऊक असूनही न सांगणे योग्य की अयोग्य, यावर आमच्यात मतभेद आहेत आणि ते तसेच राहिले आहेत.

शेवटी आम्ही काकूंना ‘खरे की खोटे’ हे उत्तर दिलेच नाही. एका कागदावर चार प्रश्न लिहून दिले. ही चाचणी आहे की उपचार? चाचणी असल्यास भारतीय चाचणी-नोंदवहीत तिचा क्रमांक काय? पैसे कशाचे? वर्षाने मुलाला कोण तपासणार आणि ते कोठे छापले जाणार? काकू मुलाला घेऊन स्वतः गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या की क्रमांक नव्हता, आणि चौथ्या प्रश्नाला तेथील बाई हसल्या. हिस्सा विकला गेला नाही. आमच्यावर मात्र त्या रागावल्या, म्हणाल्या, “तुम्ही मला प्रश्न दिलेत. मी उत्तर मागायला आले होते.” आम्ही काही बोललो नाही.

मुलगा आता एका मेंदू व स्नायू विकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहे. औषधे आणि व्यायाम नियमित चालू आहेत. दर रविवारी तो आमच्या वाचनालयात येतो, भुताच्या गोष्टी नेतो, आणि परत करताना त्यातली कोणती पटली नाही ते सांगतो. वाचनालयाला रस्त्यापासून सात पायऱ्या आहेत. सध्या तो वडिलांचा हात धरून चढतो. उताराचा रस्ता बांधण्याचा खर्च गवंड्याने काढून दिला आहे. कार्यकारिणीच्या पुढील सभेत तो विषय आहे.